खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पाऊल



खुब्याचे हाड जुळले, तरी वृद्ध व्यक्ती चालती झाली का, हे पाहावेच लागते. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी 2006 साली प्रसिद्ध केलेली मोजणी कैनाडच्या घरातही समजून घेता येते. पलंगावरून उतरणे व परत निजणे, खुर्चीतून उठणे-बसणे, घरात चालणे या तीन क्रिया. माणसाच्या मदतीविना जमल्यास प्रत्येकी 2 गुण, मदतीने 1, मदतीनेही न जमल्यास 0. काठी वा वॉकर चालतो. रोजची बेरीज 6 पैकी. ती घटल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे.

48 मिनिटांचे सामायिक खुर्चीवरही होते. डॉक्टरांच्या अनुमतीविना मांडी घालू नये. पडण्याच्या भीतीने वडीलधाऱ्यांना अंथरुणास खिळवणे ही सेवा नव्हे. त्यांना उभे राहण्याचे धैर्य देणे, हेच खरे वैयावृत्त्य होय.