शंकेचे क्रियापद



मी शाळेत फार शिकलो नाही. व्याकरण शिकलो ते रहाटणीच्या खोलीवर, कामगारांच्या चार्जशिटा वाचता वाचता.

पुढे हौसेने स्पॅनिश चाळले. ‘तो येतो असे वाटते’ याला तिकडे ‘क्रेओ के बिएने’ म्हणतात. पण ‘तो येईल याची शंका आहे’ म्हणायचे तर ‘दुदो के बेंगा’. शंका आली की पुढचे क्रियापदही रूप बदलते.

आपल्या मराठीतही ही सोय आहे. ‘आला’ हा स्वार्थ. घडले ते सांगितले. ‘आला असावा’ हा विध्यर्थ. नुसता तर्क केला. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या व्याकरणात हे अर्थ विस्ताराने मांडले आहेत.

एका चौकशीत वॉचमन म्हणाला, “पितळी बुश यानेच उचलले असावेत.” कागदावर उतरले, ‘यानेच उचलले.’ एक ‘असावेत’ गळाला आणि माणूस चोर ठरू लागला. जबाब वाचून दाखवा, असा हट्ट आम्ही धरला, तेव्हा वॉचमननेच तो शब्द परत मागितला. नोकरी वाचली.

दोष एकट्या साहेबांचा नव्हे. ‘बंद पडेल बहुधा’ असे ऐकून मी हँडबिलात ‘कारखाना बंद पडणार’ असे छापले. चौघांनी घाबरून राजीनामे दिले. कारखाना चालूच राहिला. ते चौघे मात्र परत आले नाहीत.

म्हणून विनंती एवढीच, की सही करण्यापूर्वी आपला ‘असावा’ जागेवर आहे ना, ते पाहा.