नावाची रिकामी जागा



मागच्या महिन्यात मला अटक झाली. घाबरू नका, सुटलो म्हणूनच आकाशवाणीवर बोलायला आलोय. अटक झाली ती माझ्याच घरात, पंख्याखाली, लुंगी-बनियनवर, आणि ती एकूण चाळीस मिनिटं टिकली.

सकाळी दहाच्या सुमारास व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी वर्दीतला माणूस, मागे भिंतीवर राजमुद्रा, टेबलावर छोटा तिरंगा. हिंदीत म्हणाला, तुमच्या आधार कार्डावर मुंबईहून परदेशी एक पार्सल निघालंय, त्यात पासपोर्ट आणि अमली पदार्थ सापडलेत. मग त्यानं माझं पूर्ण नाव वाचलं. वडिलांच्या नावासकट, सावकाश, मध्ये थांबत थांबत.

आता तुम्ही म्हणाल, चार पुस्तकं वाचलेला, बी.ए. झालेला माणूस, त्याला एवढंही कळू नये? कळत होतं हो. पण माझ्या नावाच्या माणसाला ‘तुमचं नाव एका प्रकरणात आलंय’ हे वाक्य विनोदी वाटत नाही. पस्तीस वर्षं मराठीत कविता लिहितोय. ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ हे कौतुक अजूनही कानावर येतं, जणू मी ते बाजारातून विकत आणलंय. ते हसून सोडता येतं. हे सोडता येईना. डोक्यात पहिला विचार ‘मी काही केलेलं नाही’ हा आला नाही. ‘मी काही केलेलं नाही हे दाखवू कसं’ हा आला. तो माणूस कदाचित प्रत्येकाचंच नाव तसं ठेचत ठेचत वाचत असेल. पण मी मात्र खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. कोणी उठ म्हटलेलं नसताना.

कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. मी सगळं मान्य केलं. बँकेत किती आहेत, असं त्यानं विचारलं तेव्हा कणकेच्या हातानं बायको दारात आली. “किसका फोन है जी?” मी खुणेनं गप्प बसवू लागलो. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, “पुलिस को इत्ती फुरसत कब से हो गई?” तिच्या भावाची रिक्षा एकदा पोलिसांनी उचलली होती. तेव्हा साहेब दोनच शब्द बोलले होते, “ठाण्यात ये.” पोलिसांविषयीचा तिचा अभ्यास एवढाच, पण माझ्या बी.ए.पेक्षा तो उपयोगी पडला. कणकेच्या बोटानंच तिनं तांबडं बटण दाबलं. फोनच्या काचेवर ती कणीक वाळेपर्यंत मी तसाच उभा होतो.

नंतर माहिती काढली. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये, म्हणजे याच रेडिओवरून, हे सांगितलं होतं. मी त्या दिवशी बहुधा कवितेचं यमक जुळवत होतो. त्याच वर्षी लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना अशाच टोळीनं सुमारे ७ कोटींना फसवलं. पद्मभूषण मिळालेला, वयाची ऐंशी ओलांडलेला माणूस. त्यांच्यापुढे तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीच उभी केली होती. त्यांनी तक्रार केली म्हणून त्यातली बरीच रक्कम पोलिसांना परत मिळवता आली. तेव्हा १९३० हा नंबर कुठेतरी लिहून ठेवा. पैसे गेले तर लाजत बसू नका, तासाभरात फोन करा. उशीर झाला की पैसे एका खात्यातून दहा खात्यांत पांगतात. आणि आणखी एक. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे येत नाहीयेत, जाताहेत.

हे झालं भीतीचं. पण मी खरा फसलो तो भीतीनं नाही, कौतुकानं.

पूर्वी परदेशातून ई-मेल यायचे, कुणा मेलेल्या मंत्र्याच्या विधवेला आपल्या खात्यात कोट्यवधी डॉलर ठेवायचे असायचे. भाषा इतकी मोडकी की पहिल्याच ओळीत हसू यायचं. आता तशी सोय राहिली नाही. मध्यंतरी मला एक पत्र आलं, शुद्ध मराठीत. माझ्या दुसऱ्या संग्रहातल्या प्रतिमांवर त्यात असं काही लिहिलं होतं की मी ते तीनदा वाचलं. इतकं बारकाईनं माझ्या कवितेविषयी कुणी, अगदी मित्रांनीही, लिहिलेलं नव्हतं. शेवटी पुस्तकाच्या जागतिक प्रचाराचं दरपत्रक होतं. ते पत्र यंत्रानं लिहिलेलं होतं, हे भाच्यानं दाखवून दिलं. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचाच मजकूर फिरवून फिरवून लिहिला होता. पैसे भरले नाहीत, पण पत्र अजून काढून टाकलेलं नाही. एवढं कबूल करतो.

पैसे भरले ते त्याआधी, चार वर्षांपूर्वी. फोनवर निरोप आला की ‘आपल्या प्रदीर्घ काव्यसेवेची दखल घेऊन’ मला राज्यस्तरीय का राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झालाय. नोंदणी शुल्क २,१०० रुपये, त्यात शाल, स्मृतिचिन्ह, सन्मानपत्र आणि जेवण. मी त्याच संध्याकाळी पाठवले. धमकी नाही, वर्दी नाही, चाळीस मिनिटंही लागली नाहीत. समारंभाला गेलो तर सभागृहात दीडशे तरी कवी होते आणि सगळेच पुरस्कारविजेते. टाळ्या वाजवायला कुणी उरलंच नव्हतं, म्हणून आम्ही एकमेकांसाठी वाजवत होतो.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला माझी कीव आली असेल तर जरा थांबा. माझा पोटापाण्याचा धंदा डीटीपीचा. चुलत्याच्या प्रेसमध्ये खिळे जुळवत शिकलो, मग श्रीलिपी आली, मग युनिकोड. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दिवाळी अंकांची पानं. तर त्या समारंभानंतर दोन महिन्यांनी तेच आयोजक माझ्या दुकानात आले. सन्मानपत्रं हवी होती, सोनेरी बॉर्डर, जाड आर्ट कार्ड, २०० प्रती, खाली अध्यक्षांची छापील सही. “आणि नावाची जागा रिकामी ठेवा.” त्यांनी मला ओळखलंसुद्धा नाही. मी काही बोललो नाही. भाडं थकलं होतं. अर्धी रक्कम आगाऊ घेतली आणि काम चोख करून दिलं. त्यानंतरही दोनदा केलं.

ते गुन्हेगार आहेत का? शुल्क घेतात, शाल देतात, जेवण बरं असतं. कायद्याला कुठे बोट ठेवता येईल, मला सांगता येत नाही. पण दीडशेला एकवीसशेनं गुणून पाहा. वर्दीवाल्याला रोज शंभर शिव्या खाऊन एखादं गिऱ्हाईक मिळतं. इथे लोक दाटीवाटीनं बसतात आणि आभार मानून जातात.

परवा एक बाई दुकानात आल्या. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, तालुक्याहून एसटीनं आलेल्या. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद काढला. बॉर्डर बघताच मी ओळखलं, माझंच काम. “भाऊ, याला लॅमिनेशन करून द्या. पण आधी एक बघा, नावात वेलांटी चुकलीय. पहिली हवी, त्यांनी दुसरी दिलीय. मी जन्मभर मुलांच्या वेलांट्या सुधारल्या, आता माझीच चुकलेली भिंतीवर कशी लावू?”

सांगावंसं वाटलं. बाई, किती भरले, असं विचारावंसं वाटलं. त्या सांगत होत्या की त्यांच्या कवितांची वही यजमानांनी कधी उघडून बघितली नाही, आता ते नाहीत, आणि नातीनं हे फोनवर सगळ्या नातेवाइकांना पाठवलंय.

प्रत्येक प्रेसवाला दहा-बारा प्रती जास्त काढतो, खराब झाल्या तर असाव्यात म्हणून. फडताळातून एक कोरी प्रत काढली. कटनिबचा पेन चांगला धुतला, काळी शाई भरली आणि त्या रिकाम्या जागेत त्यांचं नाव लिहिलं, पहिली वेलांटी नीट वर चढवून. वाळू दिलं. लॅमिनेशन करताना एक बुडबुडा येऊ दिला नाही. पैसे घेतले नाहीत, तर त्या रागावल्या, म्हणून दहा रुपये घेतले.

निघताना त्यांची नजर माझ्या मागच्या भिंतीवर गेली. कॅलेंडरच्या आड सोनेरी बॉर्डरचा कोपरा दिसत होता.

“अरे, तुम्हालाही मिळालाय की हो भाऊ!”

“मिळालाय, बाई,” मी म्हटलं, आणि कॅलेंडर थोडं बाजूला सरकवलं.