वाटणीत न बसणारा मासा



आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. वाटणीचे तंटे मात्र जन्मभर हाताळले, आणि आजचा विषय वाटणीचाच आहे. उत्तर अटलांटिक समुद्रातील मॅकेरल माशाचा हा तंटा. आपल्या बांगड्याचा हा थंड पाण्यातला भाऊबंद.

या माशाचे हिस्से युरोपीय संघ, नॉर्वे आणि फेरो बेटे यांनी आपसांत ठरविले होते. आइसलंडच्या पाण्यात तो फारसा मिळतच नसे. पुढे समुद्र तापला, माशांची संख्याही वाढली, आणि चाऱ्यामागे थवे वायव्येकडे सरकले. २००८ साली आइसलंडच्या बोटींनी १ लाख टनांहून अधिक मॅकेरल धरला. त्यांचे म्हणणे, मासा आमच्या दारी चरून पुष्ट होतो, मग वाटा का नको? जुने भागीदार म्हणाले, हिस्से ठरलेले आहेत! २०१० मध्ये युरोपीय संघ व नॉर्वे यांनी १० वर्षांचा करार केला. आइसलंड व फेरो यांनी आपापले कोटे स्वतःच जाहीर केले. प्रत्येकाचे कारण ऐकावे तर पटते, पण बेरीज शास्त्रज्ञांनी घातलेल्या मर्यादेबाहेर जाते.

त्याच ऑगस्टात स्कॉटलंडच्या पीटरहेड बंदरात मच्छीमारांनी फेरोच्या बोटीला माल उतरवू दिला नाही. फाटक आम्हीही अडविले आहे, तो संताप आम्हांला कळतो. (त्या मोठ्या बोटींचे मालक काही गरीब नव्हेत, हेही सांगितले पाहिजे.) पण धक्का अडवून मासा परत फिरत नाही.

२०१४ च्या करारात फेरो आले, आइसलंड बाहेरच राहिले. २०१९ साली या मासेमारीचे टिकाऊपणाचे प्रमाणपत्र स्थगित झाले. आणि गंमत अशी की मासा पुन्हा पूर्वेकडे वळला! आता आइसलंडने हक्क सोडावा काय? आमचे मत असे की एकूण आकडा आधी बांधावा, आणि हिस्से कायमचे लिहूच नयेत. ठराविक मुदतीने मासा कोठे किती आहे ते मोजून ते फिरवावेत. पगाराच्या करारालाही मुदत असतेच की.

२०२५ मध्ये समुद्रसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पुढील वर्षासाठी सुमारे १,७४,००० टनांचीच शिफारस केली. आदल्या शिफारशीहून ७० टक्के कमी. कोणाचा हिस्सा किती, हे तेव्हाही सर्वांमिळून ठरलेले नव्हते.