वऱ्हाडातून जर्मनीच्या वॉर्डात

अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या बहिणींनो, परदेशाचा विचार मनात असेल तर हे ऐका. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत.

खरी परीक्षा भाषेची. हाती पदवी असली तरी तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-२ पातळीची जर्मन लागते. रात्री दोनला एखादे आजोबा ‘श्मेर्त्सेन’ म्हणून कण्हले, तर त्यांना दुखतंय हे वही न उघडता कळायला हवं. म्हणून शिकवणी इथूनच, नोकरी सांभाळून सुरू करा.

आणि एजंट? त्याची नोंदणी आधी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहा. त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा तीस हजार रुपये, वर जीएसटी. लाखांची गोष्ट करणाऱ्यासाठी बाबांना वावर गहाण टाकू देऊ नका.