तळ्याचा काठ निवडताना



पोहण्यासाठी काठ निवडावयाचा झाला म्हणजे आपण काय पाहतो? वाळू चांगली आहे ना, सावली आहे ना, बस्स. माझे म्हणणे एवढेच की, काठ मागाहून पाहावा, आधी पाणी पाहावे.

उदाहरण अमेरिकेतील मिशिगन सरोवराचे घेतो. आपल्यापैकी कित्येकांची मुलेबाळे शिकागोकडे आहेत. उन्हाळ्यात आपणही तिकडे जाता. नाव सरोवर, पण विस्तार सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर आणि खोली २८१ मीटरपर्यंत!

तेथे वारा बहुधा पश्चिमेचा. तो वरचे तापलेले पाणी पूर्वतीराकडे लोटतो. म्हणून पूर्वेचे पाणी पुष्कळदा अधिक ऊबदार असते. वारा पालटला की तळचे गार पाणी वर येते. काल सुखद वाटलेले पाणी आज हातपाय गारठवून टाकते. तेव्हा पाण्याचे आजचे तपमान विचारावे, कालचे नव्हे.

पण ऊब आणणारा तोच वारा लाटाही आणतो. या लाटा समुद्रापेक्षा लवकर लवकर येतात. श्वास घ्यावयास उसंत मिळत नाही. शिवाय गोड्या पाण्यात अंग खाऱ्याइतके तरंगत नाही. बंदराच्या धक्क्यालगत तर पाण्याची ओढ भिंतीच्या कडेने आत नेते. लाटा असताना धक्क्याजवळ पोहू नयेच. ओढीत सापडलात तर तिच्याशी झुंजू नका. उताणे होऊन तरंगा, मदतीसाठी हाक द्या. दम टिकला तर जीव टिकतो.

मोठ्या पावसानंतर गटारांचे पाणी सरोवरात येते. पाणी नितळ दिसले तरी रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तपासणीची सूचना किनाऱ्यावर लावलेली असते, ती वाचावी.

आणि आभाळावरही विसंबू नये. २६ जून १९५४ रोजी शिकागोवरून वादळ पुढे निघून गेले होते. लोक पुन्हा मासे धरीत निवांत उभे होते. तोच पलीकडच्या तीरावरून परतलेली लाट आली आणि आठ माणसे बुडाली.

म्हणून जेथे जीवरक्षक बसलेला आहे, तोच काठ निवडा, मग तेथे गर्दी का असेना. त्याने लाल निशाण लावले असेल, तर मुले कितीही रुसोत, त्या दिवशी वाळूत किल्ला करा. रुसवा संध्याकाळपर्यंत निघतो. गेलेला जीव परत येत नाही.