विद्यार्थी आणि शेजारधर्म

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



परगावच्या मुलांनी शिक्षणासाठी पुण्यात येणे ही आजची गोष्ट नव्हे. वार लावून जेवणारा, माधुकरी मागून विद्या संपादन करणारा विद्यार्थी या शहराने पिढ्यानपिढ्या पाहिला. त्या व्यवस्थेत उणिवा होत्या. ती बहुतांशी एकाच वर्गापुरती मर्यादित होती आणि परान्नाचा सल मुलाच्या मनात राहत असे. तथापि ज्या सात घरी तो जेवे, त्या सातही घरांना त्याचे नाव, गाव आणि परीक्षेचा निकाल ठाऊक असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. त्यांत जैन समाजाचेही वसतिगृह होते. तेथे राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. त्या मुलांच्या जेवणाची अडचण पडली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. मंगळसूत्रही मागे ठेवले नाही. परक्याच्या मुलाला आपले मानणे म्हणजे काय, हे त्या माउलीने दाखवून दिले.

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. त्यानंतर महाविद्यालये वाढली, विद्यार्थी वाढले; वसतिगृहांतील जागा मात्र त्या मानाने वाढल्या नाहीत. परिणामी हजारो मुले-मुली पेठांतील आणि उपनगरांतील खोल्यांत राहतात. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागांत पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारेही असतात. एका खोलीत चार-सहा कॉट, दारात चपलांचा ढीग, जिन्याखाली दुचाक्यांची दाटी आणि जेवणासाठी मेस, असा हा संसार असतो. त्यांतील अनेकांच्या घरी कोरडवाहू शेती असते आणि खोलीचे भाडे गावाकडून कसेबसे येते.

वादाची कारणे लहान असतात. अभ्यासिकेतून रात्री अकराला परतलेली मुले जिन्यात बोलत उभी राहतात आणि वरच्या मजल्यावरील वृद्ध दांपत्याची झोप मोडते. पाणी ठरावीक वेळीच येते, पण चौघांसाठी बांधलेल्या घरात आठजण राहतात. या तक्रारी खोट्या नसतात. परंतु पुष्कळदा मालक स्वतः दुसऱ्या उपनगरात राहतो आणि भाडे घेण्यापुरताच उगवतो. नफा एकाचा, त्रास दुसऱ्याचा आणि बोलणी तिसऱ्याला, असा हा हिशेब आहे. असा हिशेब कोणत्याही पेढीवर जुळणार नाही.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अनामत रक्कम परत करताना रंगरंगोटीच्या नावाखाली मोठी कपात होते. ग्रंथालयातून उशिरा परतणाऱ्या मुलीकडे सारी इमारत संशयाने पाहते. तोच उशीर मुलाच्या बाबतीत अभ्यास ठरतो. कित्येक ठिकाणी आडनाव ऐकून जागा नाकारली जाते आणि कारण मात्र शाकाहाराचे सांगितले जाते. घरातील आहाराचा नियम आधी स्पष्ट सांगणे योग्यच आहे. पण त्या नियमाआड जात विचारली जात असेल, तर तो नियमाचाच अपमान आहे.

कायद्याने बरेचसे मार्ग आखून दिले आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हा नियम मुलांच्या संगीताला जसा लागू आहे, तसाच मंडपातील ध्वनिक्षेपकालाही आहे. परीक्षेच्या दिवसांत त्या ध्वनिक्षेपकाचा त्रास कोणाला होतो, याचाही विचार व्हावा.

मात्र कायदा शेजार निर्माण करू शकत नाही. त्यासाठी थोडे कष्ट घ्यावे लागतात. नवीन मुले राहायला आली की पहिल्याच दिवशी मालकाने त्यांना घेऊन शेजारच्या दारांशी जावे आणि नावानिशी ओळख करून द्यावी. पाण्याची वेळ, कचऱ्याची जागा, दुचाकी लावण्याची जागा आणि रात्रीची शांतता हे चार नियम मराठीत लिहून खोलीत लावावेत. मालकाचा दूरध्वनी क्रमांक शेजाऱ्यांकडे असावा आणि तक्रार आली तर त्याने स्वतः यावे. अनामत रकमेतील कपातीचा हिशेब लेखी द्यावा. विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवावे की त्यांची खोली दोन वर्षांची असली, तरी शेजाऱ्याचे ते आयुष्यभराचे घर आहे. मावशींच्या औषधाची चिठ्ठी घेऊन जाणाऱ्या मुलाचे वाजलेले दार कोणाला खटकत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली. मेस बंद पडल्या आणि गावी न जाऊ शकलेली कित्येक मुले खोल्यांतच अडकली. त्या दिवसांत अनेकांपर्यंत संस्थांनी आणि शेजाऱ्यांनी डबे पोहोचवले. परंतु भिंतीपलीकडे कोण राहते हेच ज्या इमारतीत ठाऊक नव्हते, तेथे उपाशी मूल आहे हे तरी कोणाला कसे कळावे? ओळख नसणे हा दोष वाटत नाही, पण संकटकाळी त्याची किंमत मोजावी लागते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या वडीलधाऱ्यांनी या ट्रस्टचा पाया घातला, त्यांच्यापैकी कोणी परगावी शिकले असेल, कोणाला अनोळखी घरातून ताट वाढले गेले असेल. ते ऋण ज्याचे त्याला फेडता येत नाही. ते पुढच्या मुलाच्या खात्यावर जमा करावे लागते. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने आपल्या इमारतीतील एका विद्यार्थ्याचे नाव आणि गाव विचारून घ्यावे, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.