आधी खर्च, मग वाटे

रापण ओढून झाली की मालवणच्या किनाऱ्यावर दोन कामं उरतात. मासळी विकायची आणि वाटे घालायचे. दुसरं काम जास्त नाजूक. आमच्या वाडीतल्या रापणीचा हिशोब मी काही वर्षं लिहिला, आधी वहीत आणि पुढे संगणकावर. म्हणून आजची गोष्ट संगणकाची असली तरी मी ती वाळूवर बसूनच सांगणार आहे.

अमेरिकेत हार्वर्डला व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला १९७८ साली एक कल्पना सुचली. तक्त्यातला एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलावेत. बॉब फ्रँकस्टनने तसा प्रोग्रॅम लिहिला आणि १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आला, ॲपल टू या घरगुती संगणकासाठी. ६३ रकाने, २५४ ओळी. या एका प्रोग्रॅमसाठी लोक संगणक विकत घेऊ लागले.

पण त्यात एक गोम होती. व्हिजिकॅल्क आकडेमोड करायचा ती रकान्यातून वरून खाली, नाहीतर ओळीने डावीकडून उजवीकडे. कुठला आकडा कशावर अवलंबून आहे, हे तो बघत नसे.

आता आपली रापण घ्या. पद्धत गावागणिक बदलते, पण समजा मासळी विकून २०,००० रुपये आले आणि खर्च २,००० झाला. उरले १८,०००. निम्मे जाळ्यांचे, निम्मे माणसांचे. माणसं तीस, म्हणजे माणशी ३०० रुपये. सगळ्यांना बघायची घाई, म्हणून हा वाटा मी तक्त्याच्या डोक्यावर लिहिला, त्याखाली खर्च आणि तळाशी शिल्लक. इतक्यात दीड हजाराचं एक बिल उशिरा आलं. ते टाकल्यावर व्हिजिकॅल्क वरून सुरुवात करणार. वाटा काढताना त्याच्या हाती जुनीच शिल्लक, म्हणून वर ३००च राहणार. मग खाली पोहोचून शिल्लक १६,५०० करणार. खरा वाटा २७५. तीस माणसांत ७५० रुपये जादा वाटले जाणार, आणि पडद्यावर सगळं कसं नीटनेटकं! उद्गारचिन्हाची कळ दाबून पुन्हा हिशोब करायला लावलं, की मग आकडा जुळायचा.

आमचे तांडेल शाळेत फारसे गेलेले नव्हते. ते एवढंच म्हणायचे, “आधी खर्च काढ, मगे वाटे घाल.” नेमकं हेच यंत्राला शिकवायचं होतं. कॅनडात रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांनी ते १९६९ मध्येच, मोठ्या संगणकांवर केलं होतं. १९७० मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, ते मिळालं १९८३ मध्ये! त्याच वर्षी जानेवारीत आयबीएमच्या संगणकासाठी आलेल्या ‘लोटस वन-टू-थ्री’मध्ये ही सोय होती. ज्याच्यावर दुसरे आकडे अवलंबून, तो आधी काढायचा, मग तो तक्त्यात कुठेही असो.

नव्या आवृत्तीची जाहिरात होते ती रंगांची, आलेखांची. गणिताचा क्रम बदलला, हे कोण छापणार? त्यामुळे प्रोग्रॅम बदलला की मी वहीतला एखादा जुना दिवस त्यात घालून बघतो. माणशी वाटा वहीशी जुळला, तरच पुढे.

एक गाठ मात्र कुठल्याच आवृत्तीला स्वतःहून सोडवता येत नाही. तांडेलाला जादा वाटा द्यायचा तो शिल्लकेतून, पण लिहायचा खर्चात. म्हणजे खर्च ठरल्याशिवाय शिल्लक नाही आणि शिल्लक ठरल्याशिवाय खर्च नाही. आजचा एक्सेलही इथे इशारा देऊन थांबतो. आमच्याकडे त्यावर दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी तांडेलांनीच सांगितलं, माझी रक्कम हंगामाच्या सुरुवातीला ठरवून टाका आणि बर्फाच्या खाली लिहा.